हारूनभाईंचं हँडल

हारूनभाई गेले हे मला एका फोटोवरून कळलं. वाईच्या मंडईत मेथीची जुडी हातात धरून मी भाजीवालीशी हुज्जत घालत होते आणि पिशवीतला फोन वाजला. आमच्या जुन्या ऑर्केस्ट्राचा ग्रुप. उघडून बघते तर खुर्चीवर टेकवून ठेवलेली ती लाल गिटार, तिला झेंडूचा जाडजूड हार, आणि खाली जोडलेले हात नि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. नाव कुणाचंच नाही. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की कुठल्या गाढवानं हार हँडलला अडकवला? ओल्या फुलांचं एवढं वजन त्या दांडीवर! हारूनभाई आख्खं घर डोक्यावर घेतील... आणि मग डोक्यात प्रकाश पडला. घर डोक्यावर घ्यायला हारूनभाई उरलेच नव्हते. मेथी तिथंच टाकली आणि स्टँड गाठला.

सांगलीत पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. सकाळी दुकान उघडायला म्हणून निघाले, छातीत कळ आली, रिक्षात घातलं आणि दवाखान्याच्या दारात संपलं सगळं. पुढची कुणाला काही धावपळसुद्धा करू दिली नाही. त्यांच्या अंगणात आमची सगळी मंडळी जमली होती आणि एकेक जण सांगत होता, "हारून म्हंजे देवमाणूस. कधी कुणाला उलटं बोलला न्हाई." माझं डोकंच फिरलं. उलटं बोलला नाही? अरे, वीस वर्षं तो माणूस तुमच्याशी एकाच गोष्टीवरून भांडत होता, आणि ती गोष्ट म्हणजे हे हँडल! निदान मेल्यावर तरी त्याचं भांडण त्याच्याजवळ राहू द्या की. ते काढून घेऊन त्याला कशाला गरीब गाय करताय?

आता महिना उलटून गेलाय. लोक मला म्हणतात, सुनंदाताई, रडून मोकळ्या व्हा. मला रडू येत नाही, मला राग येतो. म्हणून हे लिहितेय.

ज्यांनी इलेक्ट्रिक गिटार जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी सांगते. तारा जिथं संपतात तिथं एक लोखंडी पट्टी असते, तिला ब्रिज म्हणायचं. काही गिटारींचा ब्रिज पक्का बसवलेला असतो, काहींचा हलता. हलत्या ब्रिजला एक वाकडी दांडी असते. ती दाबली की तारा ढिल्या पडतात, सूर खाली घसरतो, सोडली की परत वर येतो. पुस्तकी नाव ट्रेमोलो, आमच्या मंडळींचं नाव हँडल. सगळी गंमत त्या 'परत वर येतो'मध्ये आहे. कारण तो येत नाही! पुढून सहा तारा ब्रिजला ओढत असतात, मागून गिटारीच्या पोटातल्या स्प्रिंगा ओढत असतात, आणि ब्रिज बिचारा मध्ये अधांतरी. एक तार चढवली की ब्रिज जरा पुढं झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. त्या चढवाव्यात तर पहिली गेलीच. मग मागचं झाकण काढून स्प्रिंगांचे स्क्रू पाव फेरा आवळा, परत सगळ्या तारा लावा, परत झुकला का बघा. हारूनभाई म्हणायचे, "ताई, हे एकत्र कुटुंब हाय. एकाला बोललं की पाचजण रुसत्यात."

त्यांचं सांगलीत बांगड्यांचं दुकान. बायकांच्या हातात बांगडी चढवताना हात कसा दाबायचा, कुठं सोडायचा, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं, आणि तीच बोटं संध्याकाळी गिटारीवर चालायची. कार्यक्रमाची सुरुवात त्यांच्या धूननं व्हायची. त्यांनी स्वतः बसवलेली, तीन-चार मिनिटांची. शेवटचा सूर लांबवायचा, हँडल हळूच दाबायचं, सूर विहिरीत उतरल्यासारखा खाली खाली जायचा, तिथं जरासा थरथरायचा, आणि मग सावकाश वर येऊन बरोब्बर जागेवर उभा राहायचा. त्या जागेवरून मी माझं पहिलं गाणं उचलायचे. कुणी वेगळा सूर देत नव्हतं मला, मला त्याची गरजही नव्हती.

पण त्यासाठी आधी गिटार लावावी लागायची, आणि तिथंच कुरुक्षेत्र. कडेगावला उसाच्या पट्ट्यातल्या एका मोठ्या लग्नात हळदीच्या संध्याकाळी आमचा कार्यक्रम होता. पडदा वर गेला, हारूनभाई मान खाली घालून खुंट्या पिळतायत, आणि समोरून सुरू, "ए गिटार, झोपला काय रं?" शिट्ट्या, आरोळ्या. आमचे मालक अण्णा विंगेतून दात-ओठ खात खुणा करतायत. अण्णा मूळचे ढोलकीवाले, पुढं ऑर्केस्ट्राचे मालक झाले. वाईट माणूस नव्हे, पण ढोलकीला एकदा ताण दिला की काम झालं, हेच त्यांचं शिक्षण. मी माइकवर काहीबाही बडबड करून वेळ मारून नेत होते. हारूनभाईंनी हँडल दाबलं, सोडलं, कान दिला, मान हलवली. दाबलं, सोडलं, मान हलवली. येत नाही म्हणजे नाही जागेवर. त्या दिवशी धून झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रिज सोडवला, तर पट्टीची धार पुढच्या सहा स्क्रूंवर टेकलेली असते, तिच्याखाली एक तांदळाचा दाणा. लाल, कुंकवानं माखलेला. खंडेनवमीला अण्णांच्या गोडाऊनवर सगळी वाद्यं मांडून पूजा व्हायची. हळद, कुंकू, अक्षता, वरून नारळाचं पाणी. अण्णांनी मोठ्या प्रेमानं मूठभर अक्षता गिटारीवर टाकल्या होत्या आणि त्यातली एक बरोब्बर तिथं जाऊन बसली होती जिथं धार टेकते. एका दाण्यानं ब्रिज तिरका झाला. हारूनभाईंनी तो दाणा तळहातावर घेऊन अण्णांपुढं धरला. "अण्णा, ह्यो तुमचा आशीर्वाद. ह्येच्यामुळं काल शिव्या खाल्ल्या मी." अण्णा ओशाळले आणि लगेच चिडले. "मग काय पूजा करायची न्हाई व्हय रं?" "करा की. माझ्या गिटारीबिगर पूजा झाली तर मीच रुसंन. पण वरनं करा, आत नको." पुढल्या खंडेनवमीपासून ते घरून बायकोची, रझियाभाभींची, एक जुनी ओढणी आणायचे, गिटारीवर पसरायचे, आणि त्या ओढणीला कुंकू लागायचं. लग्नांतसुद्धा अक्षता पडायच्या वेळी हा माणूस गिटारीवर पालथा पडलेला असायचा. वर-वधूच्या फोटोंत मागं आमचे हारूनभाई असे ओणवे दिसतात, काहीतरी सांडलंय आणि ते भरतायत असे.

आणि लोक म्हणतात शांत स्वभाव! कोयनानगरची गोष्ट सांगते. वसाहतीतल्या गणपतीत कार्यक्रम होता. घाटाच्या वळणांनी आमची आतडी तोंडाशी आलेली, वर गेल्यावर गारठा. थंडीनं तारा आखडल्या, सूर चढले, ब्रिज पुढं झुकला. हारूनभाई म्हणाले, "गिटारीला जरा हवा खाऊ द्या, मग लावतो." अण्णांनी ऐकून घेतलं. मग हे चहाला गेले तेवढ्यात मागचं झाकण उघडून अण्णांनी पोटात काड्यापेटी ठोकून बसवली. ब्रिज गच्च. पडदा वर गेला, हारूनभाईंनी धून सुरू केली, शेवटाला हँडल दाबलं... आणि हँडल हललंच नाही. त्यांनी एकदा अण्णांकडं बघितलं. गिटार खुर्चीवर ठेवली, स्टेज उतरले आणि जाऊन टेम्पोत बसले. मी मागोमाग गेले. मीही तापले होते. म्हटलं, "हारूनभाई, तीन तास माणसं बसलीत, एका हँडलपायी एवढं?" तर म्हणाले, "ताई, सूर नुसता ताठ हुबा ऱ्हायला तर मग हार्मुनियमच वाजवा की. माझा सूर हलून परत घरला येतो. ते येणंच मला वाजवायचं हाय. ते काढलं तर माझ्याकडं हाय काय?" मी एकटीच परत स्टेजवर गेले. त्या दिवशी मी पेटीवरून सूर घेऊन गायले आणि माझी पट्टी शेवटपर्यंत हुकत राहिली.

मग त्यांनी गिटार कशी टिकवायची ते वर्षानुवर्षं घासून घासून बसवलं. ब्रिजच्या सहा स्क्रूंपैकी कडेचे दोनच नीट टेकवायचे, मधले चार अंमळ ढिले, म्हणजे पट्टीला डोलायला जागा. स्प्रिंगा तीनच, पाच लावल्या की हँडल मनगट मोडतं. खुंट्यांजवळ तारा ज्या खाचांतून जातात त्यांत शाळेतली पेन्सिल घासायची, तार अडकत नाही. नवी तार घातली की ती ओढून ओढून तिचा ताण काढायचा. ब्रिजची मागची कड लाकडापासून किती उचलायची, तर लग्नपत्रिका दोनदा दुमडून खाली सरकेल एवढी. पत्रिकांना आमच्याकडे काय तोटा! हे सगळं मला कुणी शिकवलं नाही. स्टेजवर त्यांच्या शेजारी ताटकळत, त्यांचं पुटपुटणं ऐकत, मनात चरफडत माझं पाठ झालं. शेवटच्या काही वर्षांत दोन मिनिटांत गिटार लागायची. दोन मिनिटं! पण लोकांना मोबाईलची सवय लागलेली, तेवढंही थांबवेना. शिट्ट्या चालूच. आणि अण्णांचंही चालूच, "हारून, आवळून टाक की लेका ते."

म्हणून तो हार बघून माझा तिळपापड झाला. आणि पुढचं ऐका. अण्णांनी सांगलीत एका हॉलमध्ये हारूनभाईंसाठी कार्यक्रम ठेवला. चांगली गोष्ट. त्यांची मुलगी तबस्सुम साताऱ्याला एका लॅबमध्ये नोकरी करते, पंचविशीची आहे, बापाकडून गिटार शिकलेली, पण कधी स्टेजवर गेली नव्हती. तिनं मला फोन केला. "मावशी, अब्बांची धून मी वाजवणार. त्यांच्याच गिटारीवर. अम्मी येणार आहे ऐकायला." रझियाभाभी आयुष्यात एकाही कार्यक्रमाला आल्या नव्हत्या. दुकान, सासू-सासरे, मग गुडघे. नवऱ्याचं स्टेज त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांना ती धून ऐकवायची, शेवटच्या सुरासकट, एवढंच त्या पोरीला हवं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी सांगलीला गेले. तबस्सुम गिटार मांडीवर घेऊन बसलेली, चेहरा पांढराफटक. "मावशी, हे बघा." अण्णांनी सजावटीला म्हणून गिटार नेली होती आणि 'दुरुस्त' करून परत पाठवली होती. सहाच्या सहा स्क्रू मरेस्तोवर पिळलेले. मागचं झाकण उघडलं तर पोटात सागवानी ठोकळा, सरसानं चिकटवलेला. हँडल काढून वेगळं कागदात गुंडाळून दिलेलं. अंगाची लाही लाही झाली माझ्या. अण्णांना फोन लावला.

"अण्णा, काय केलंत हे?"

"अगं, आपल्या फर्निचरवाल्या मिस्त्रीकडनं पक्की करून घेतली. हारूनची आठवण हाय ती. आता जल्मात बिघडायची न्हाई."

"ती उद्या वाजवायची आहे!"

"वाजवू दे की पोरीला. पण हँडल नको. सुनंदा, लोक थांबत न्हाईत. हारूनला लोकांनी काय काय ऐकवलंय ते तू बघितलंयस. पोरीला ते नको ऐकवायला."

त्यांच्या आवाजात माया होती, हेच तर चीड आणणारं आहे. दुष्ट माणसाशी भांडता येतं. हा माणूस मित्राच्या गळ्यात हार घालत होता आणि त्याच हातानं त्याचा गळा आवळत होता. म्हटलं, "अण्णा, तो जिवंत असताना तुम्हाला जे जमलं नाही ते तुम्ही मेल्यावर करून घेतलंत. शाब्बास." आणि फोन ठेवला. नंतर दोन शब्द कमी बोलले असं वाटलं.

मग आम्ही दोघी बसलो. तबस्सुमनं केस वाळवायचं यंत्र आणलं, त्याच्या गरम हवेनं सरस नरम केला, आणि भाकरीच्या उलथन्याच्या पातळ कडेनं ठोकळा हळूहळू सोडवला. रझियाभाभी दारात उभ्या राहून "लाकूड फाटंल गं, जपून" म्हणत होत्या आणि मी मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. स्क्रू ढिले केले. तीन स्प्रिंगा अडकवल्या, नव्या तारा घातल्या, पेन्सिल घासली. तबस्सुम तार चढवायची, मी कान द्यायचे. "उतरली बघ चौथी." "आता पहिली गेली." "मागं पाव फेरा दे." दुपारभर तेच. एकदा तर ती रडकुंडीला आली, म्हणाली, "मावशी, राहू दे. ठोकळा घालून वाजवते." मी जी ओरडले तिच्यावर! म्हटलं, "तुझा बाप कोयनेच्या थंडीत टेम्पोत जाऊन बसला, पण ठोकळ्यावर वाजवलं नाही त्यानं, आणि तू त्याच्या घरात बसून हे बोलतेस?" ती उठून पाणी प्यायली आणि तिनं परत स्क्रूड्रायव्हर उचलला. लग्नपत्रिका घरात होतीच. दोनदा दुमडली, सरकवली, कड तिच्यावर टेकली. मग हँडल दाबलं, सोडलं. सूर आला. आला म्हणजे जवळपास आला, केसभर खाली. "नव्या तारा आहेत," ती म्हणाली, "उद्या स्टेजवर एकदा लावावी लागणार."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. हारूनभाईंचा मोठा फोटो, भाषणं, देवमाणूस, देवमाणूस. पहिल्या रांगेत रझियाभाभी, डोक्यावरून पदर घट्ट. तबस्सुम गिटार घेऊन आली. हँडल बघून विंगेत अण्णांनी कपाळाला हात लावला. तिनं सुरुवात करण्याआधी हँडल एकदा दाबलं, सोडलं. तिसरी तार परत आली नाही. पोरीनं मान खाली घातली आणि खुंटीला हात घातला.

मला माहीत होतं आता काय होणार. मागच्या रांगेतल्या एकानं दोन बोटं तोंडाशी नेली, मला दिसलं. मी उठले, स्टेजच्या कडेला जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागले. बोलले काही नाही. माझी ती नजर सातारा-सांगलीच्या बऱ्याच मंडळींनी झेललेली आहे. बोटं खाली आली. कुणी खोकलंसुद्धा नाही. इतकी वर्षं मी हा वेळ बडबडीनं भरला होता, त्या दिवशी पहिल्यांदा तो मोकळा सोडला. त्या शांततेत खुंट्यांची करकर ऐकू येत होती. तबस्सुमनं कानामागची पेन्सिल काढून खाचेत घासली, तार ओढली, लावली, दाबलं, सोडलं, कान दिला. परत एकदा. मग मान वर केली.

धून झाली. शेवटचा सूर खाली गेला, तळाशी थरथरला, आणि वर आला. जागेवर. मी विंगेत गेले, तर अण्णा खांबाला धरून हमसून हमसून रडत होते. मी त्यांची समजूत काढली नाही. अजून माझा राग गेलेला नाही.

कार्यक्रम संपल्यावर रझियाभाभींना हाताला धरून खाली उतरवत होते. पायरीवर त्या थांबल्या. म्हणाल्या, "ताई, ते सांगायचे ते खरंच होतं म्हणायचं."

"काय सांगायचे?"

"घरी आले की सांगायचे. मी गिटार लावत असतो तवा सगळी माणसं गप बसून ऱ्हात्यात, रझिया. टाचणी पडली तरी ऐकू यावी. लय मान देत्यात लोक. मला वाटायचं, माझं मन राखायला बोलत असतील..." त्यांनी डोळे पुसले. "रोजच असं गप बसायचे व्हय लोक?"

आमच्या आजूबाजूनं तेच लोक बाहेर पडत होते. मी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"व्हय भाभी," मी म्हटलं. "रोजच."